प्रूफावरून ओळखलेले सर

कॉलेजसमोर आमचं डीटीपी-बायंडिंगचं दुकान. वडील टाइपरायटरवर प्रबंध टाइप करायचे, माझ्या हाती संगणकावरची श्रीलिपी आली. तेव्हा सोलापूर शिवाजी विद्यापीठात, त्यामुळे काळ्या रेक्झिनचे गठ्ठे पिशवीत घालून लोक रात्रीच्या एसटीनं कोल्हापूर गाठायचे. १ ऑगस्ट २००४ला आपलं विद्यापीठ झालं, आता रिक्षानं केगावला, विद्यापीठ तिथंच. २०१९ला अहिल्यादेवींचं नाव लागलं आणि सोनेरी अक्षरांची एक ओळ पुरेना. तेव्हापासून दोन ओळींत छापतो.

विद्वान माणूस मी प्रूफावरून ओळखते. इथं प्राध्यापकांचा मान मोठा. संगमेश्वर कॉलेजात शिकवलेल्या निर्मलकुमार फडकुले सरांच्या नावाचं सभागृहच आहे गावात. पण दुकानात सगळे तऱ्हेचे येतात. एक बडे मार्गदर्शक स्कूटरवरून न उतरताच प्रमाणपत्रावर सही करायचे. आत काय आहे ते प्रबंधाला माहीत आणि मला!

दुसरे एक सर, निवृत्त. त्यांच्या विद्यार्थिनीचा विषय होता महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. कच्चा प्रिंट हातात घेतला की सर थेट शेवटी जायचे, संदर्भसूचीकडं. त्या दिवशी एका तळटिपेवर बोट थांबलं. संदर्भ गो. मा. पवारांनी लिहिलेल्या शिंदे-चरित्राचा, ज्याला २००७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते.

"हे वाक्य या पानावर नाही की."

"सर, उद्या शेवटची तारीख आहे ओ," पोरगी रडवेली.

सर काही न बोलता लुनाला किक मारून गेले. एप्रिलचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. अर्ध्या तासानं पुस्तक घेऊन आले, पानापानात एसटीची जुनी तिकिटं खुणेला घातलेली. वाक्य सापडलं. पानाचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते आणि ती चूक माझी होती, पोरीची नव्हे. मी गप्प. सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, तांबड्या पेनानं आकडा दुरुस्त केला आणि म्हणाले, "आता बाकीच्या तळटिपाही बघू."

एकशे अठ्ठ्याऐंशी होत्या. दुकानाचं शटर साडेअकराला ओढलं. मधे दोनदा चहा झाला, एकदा कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आणखी तीन चुका निघाल्या.

त्यातल्या दोन माझ्याच.