पणजोबांचं पदक आणि दंतमंजन

पणजोबा मुंबईला ‘जादूघरात’ जायचे, एवढंच आजी सांगायची. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची हत्यारं खुणा म्हणून वापरणारी बंधुसंघटना, त्यांच्या लॉजला, म्हणजे शाखेला, तेव्हा लोक जादूघर म्हणत. त्यांचं चांदीचं पदक आईच्या कपाटात, पत्र्याच्या डबीत काळंठिक्कर होऊन पडलं होतं. मी शहाणपणा केला, दंतमंजन लावून घासलं. पदक आरशासारखं झालं आणि मागचा मजकूर निम्मा दिसेनासा झाला. खाचांमध्ये साचलेला काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. अक्षरं उठून दिसत होती ती त्याच्यामुळेच.

मग पश्चात्ताप म्हणून भिंग आणलं, दहापटीचं.

पदक म्हणजे सुताराचा असतो तसा गुण्या, आणि त्याच्या आत दोन कड्यांवर लोंबणारी चौकोनी पट्टी. पट्टीवर एक त्रिकोण आणि त्याच्या तिन्ही बाजूंवर चौरस. हे शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय! युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७ वं. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या पद्धतीत हे चिन्ह माजी मास्टरचं, म्हणजे लॉजच्या माजी प्रमुखाचं. नुसता गुण्या असता तर चालू मास्टरचा. पाणसळ आणि ओळंबा त्याच्या हाताखालच्या दोघा वॉर्डनांचे, किल्ली खजिनदाराची. गवंड्याची सगळी हत्यारं दागिना होऊन बसलेली.

गुण्याच्या मागे चार बारीक ठसे होते. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. तिथलं चांदीची शुद्धता तपासणारं परीक्षण कार्यालय १७७३ पासूनचं. कारागिराची आद्याक्षरं झिजलेली, ती सोडून दिली. चौथा ठसा वर्षाच्या अक्षराचा, लहान ‘जी’. तक्त्यात ते १९०६ चं निघालं, पण अक्षर जुलैत बदलायचं, म्हणजे १९०६-०७. राणीचं मुंडकं नाही, हेही जुळलं. तो कराचा ठसा १८९० मध्ये बंद झाला.

खरी गंमत कोरीवकामात. प्रमेयाच्या रेषा छापातून काढलेल्या नाहीत, ब्युरिननं, म्हणजे हाताच्या कोरणीनं, कापलेल्या आहेत. दोन रेषा कोपऱ्यात भेटतात तिथे एक केसभर पुढे घसरली आहे. छापात असं होत नाही. मागच्या अक्षरांत खाली येणारा फटकारा जाड, वर जाणारा केसासारखा. हत्यार कलतं धरलं की खाच रुंद होते. आणि वळणावर हात वळत नाही म्हणे, खालची चामड्याची वाळूची उशी फिरते! पट्टीवरचा आणि मागचा हात मला एक वाटत नाही. नाव मुंबईत कोरलं असावं, हा माझा नुसता अंदाज.

एक कडी उघडली होती. पहिल्या सराफानं तिथल्या तिथे डाग देऊन पॉलिश करून देतो म्हटलं. पदक उचलून निघालो. दुसऱ्या, म्हाताऱ्या कारागिरानं भिंगातून बराच वेळ पाहिलं, चिमट्यानं कडी नुसती आवळली आणि म्हणाला, “साहेब, आता हे घासू नका. रिठ्याच्या पाण्यात बुडवा, मऊ फडक्यानं टिपा, बस.” पैसे घेतले पन्नास.

आता पदक मलमलीत गुंडाळून ठेवलंय. रबरबँड नाही, त्यातलं गंधक चांदी काळी करतं. पणजोबांच्या आडनावातली मधली दोन अक्षरं ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं तरच वाचता येतात.