निघालाय

दातावर दात आलेलं मूल घेऊन पालक येतात तेव्हा त्यांचं बोट आधी सुळ्याकडे जातं. "मॅडम, हा वरचा एक काढून टाका ना, बाकी सगळे सरळच आहेत." सुळ्याचं मूळ तोंडात सगळ्यात लांब, ओठाच्या कोपऱ्याचा भरणा त्याच्यामुळे, म्हणून त्याला जागा करून खाली आणायचं आणि त्याच्या मागची उपदाढ, म्हणजे लहान दाढ, काढायची, हे मी रोज एकदा तरी समजावते. ते पटलं की सोबत आलेली आजी विचारते, "वरचे दात काढले की डोळ्यांवर येतं ना?"

जिची ही गोष्ट, त्या मुलीची आजीही हेच म्हणाली होती, आणि वर: "देवाने दिलेले दात कशाला काढायचे?" आमच्या विषयाचा, म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करण्याच्या शास्त्राचा, जनक एंगल याच मताचा होता. त्याचाच शिष्य ट्वीड याने पुढे स्वतःच्या बिघडलेल्या केसेस उपदाढा काढून पुन्हा केल्या. आजीला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

मुलगी नववीतली, कळव्याची. उजवा सुळा वर हिरडीत चढलेला, अख्खा रांगेबाहेर. त्याची जागा शेजाऱ्यांनी कधीच बळकावली होती. खालचे पुढचे चार दात गर्दीच्या लोकलच्या दारात उभे असल्यासारखे, कुणाचा खांदा पुढे, कुणाचा मागे. हल्ली सगळे स्कॅन करतात. मी अजून प्लास्टरच्या मॉडेलवर पितळी तार वाकवते. एका बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत, कमानीला धरून, मग ती तार सरळ करून मोजायची. मधल्या दहा दातांची रुंदी कॅलिपरने एकेक घेऊन बेरीज करायची. दोन्हींतला फरक म्हणजे कमी पडणारी जागा. हिची वर ९ मिलिमीटर, खाली ७. दोनतीन मिलिमीटरची तूट असती तर दातांच्या बाजू जरा घासून भागवता आली असती. ९ ला दात काढण्यावाचून उपाय नाही. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटरची, अशा चार काढायच्या.

चिठ्ठी लिहिली: १४, २४, ३४, ४४ काढावेत. पहिला आकडा तोंडाचा कोपरा, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात; चौथा म्हणजे पहिली उपदाढ, पाचवा म्हणजे दुसरी. दात काढायला ते त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते मला खूप सीनियर, मी त्यांना सर म्हणते. नौपाड्यात मी दवाखाना टाकला तेव्हा पहिले पेशंट त्यांनीच पाठवले, आजही पाठवतात.

जुलैचा दिवस, कळव्याच्या पुलावर ट्रॅफिक, मायलेकी अर्धा तास उशिरा, भिजून आल्या. तारा लावायला दीड तास राखून ठेवला होता. ट्रे मांडलेला. मुलीने तोंड उघडलं, मी आरसा आत घातला. खाली दोन्ही बाजूंना जागा बरोबर. वर डावीकडे बरोबर. वर उजवीकडेही जागा होती, पण एक घर मागे. १४ जिथल्या तिथे होता. १५ नव्हता.

कसं झालं असेल ते मला तिथेच कळलं. रांगेत मोजत गेलं तर एक, दोन, आणि तिसरा येतो तो १४, कारण खरा तिसरा वर हिरडीत लटकलाय. मग चौथा म्हणून हात पडतो तो १५ वर. सकाळच्या गर्दीत माझंही असं होऊ शकलं असतं. चिठ्ठीवर आकड्यांसोबत "सुळा रांगेबाहेर आहे" एवढे तीन शब्द मी लिहिले नव्हते. आकडा लिहिला की आपलं काम झालं, ही आमच्या धंद्यातली वाईट खोड.

बाहेर जाऊन सरांना फोन लावला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "ती कळव्याची पोरगी ना? वरचा उजवा फार छान निघाला गं. सरळ एकच मूळ, अलगद हातात आला." वरच्या पहिल्या उपदाढेला बहुतेक वेळा दोन मुळं असतात. मी म्हटलं, "सर, तो पंधरा होता." बराच वेळ पलीकडून फक्त त्यांच्या पंख्याचा आवाज. मग, "त्यांना सांगितलंस?"

आत येऊन मी आईला सांगितलं, "ताई, एक दात वेगळा निघालाय. पण काळजी नको, योजनेत थोडा बदल करू." निघालाय. काढलाय नाही. आपल्या भाषेत ही सोय फार आहे, कप फुटतो, दूध उतू जातं, दात निघतो, कुणी काही करत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही बघाल ते बरोबरच." आणि मला थँक्यू म्हणाल्या.

संध्याकाळी सरांचा फोन. "काय सांगितलंस?" मी शब्दन् शब्द सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचं काम अवघड होतं, अशक्य नव्हतं. आधी १४ मागे सरकवायचा, मग त्याने सोडलेल्या जागेत सुळा उतरवायचा. दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो, म्हणजे निदान अर्धं वर्ष जास्तीचं. शिवाय १४ ला मागे ओढताना मोठी दाढच पुढे आली तर मिळालेली जागा गेली. म्हणून मागच्या दोन दाढांच्या मध्ये हाडात ८ मिलिमीटरचा बारीक स्क्रू बसवला आणि ओढ दाढेवर न देता त्या स्क्रूवर दिली. स्क्रूचे पैसे लावले नाहीत. का, ते त्यांनी विचारलं नाही; मीही सांगितलं नाही. आता मी चिठ्ठीला फोटो जोडते, काढायच्या दातावर लाल गोल करून. सरांना पहिल्यांदा तसा फोटो गेला तेव्हा त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

सुळा आता रांगेत आलाय, सुंदर आलाय. गेल्या महिन्यात मुलीने हातात आरसा घेतला. दहावीचं वर्ष, चष्मा लागलाय. आजीने तो दातांच्या खाती जमा केलाय. मुलगी बराच वेळ डावं-उजवं बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, सुळ्याच्या मागचा हा इकडचा टोकदार आहे, तिकडचा तसा नाहीये. असं का?"

डावीकडे २५ उरलाय, उजवीकडे १४. आई बाकावर मोबाइल बघत होती.

"दोन्ही बाजू अगदी सारख्या कुणाच्याच नसतात," मी म्हटलं आणि असिस्टंटकडे पुढची तार मागितली.