आमची वाटचाल: १०,३३,६८० रुपये

कंपनी प्रोफाइलसाठी मुलीने आधी स्वतःच एक पान लिहून आणलं होतं. ‘गुणवत्ता, विश्वास आणि सेवा यांची वीस वर्षांची परंपरा.’ मी म्हटलं, हे तर शेजारचा कुरिअरवालाही लिहितो. ‘मग बाबा, तुम्हीच लिहा,’ म्हणाली. म्हणून लिहितोय.

२००३ साली ठाण्यात आम्ही दोघांनी फायर अलार्म बसवण्याचा आणि सांभाळण्याचा धंदा सुरू केला. मी सत्तावीस वर्षांचा, आयटीआय करून एका फायर अलार्म कंपनीत पाच वर्षं शिडी धरलेला. दुसरे भागीदार भाऊ, माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठे. ते परळला गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, ८२च्या संपानंतर मिळेल ते वायरिंग करत होते. भांडवल म्हणजे माझे चाळीस हजार आणि भाऊंचा मेगर. वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, हँडल फिरवायचा जुना, बेकेलाइटच्या पेटीतला. गिरणीतून तो त्यांच्याकडे कसा आला हे मी कधी विचारलं नाही.

आता सगळे डिजिटल मीटर वापरतात, माझ्याकडेही आहे. पण हाताने फिरवायच्या मेगरमध्ये एक गोष्ट कळते. केबलमध्ये कुठे ओल शिरली असेल तर काटा एकदम पडत नाही, जरा रेंगाळतो. भाऊ तो काटा बघून सांगायचे, ‘तिसऱ्या मजल्याच्या पुढे आहे, डक्टमध्ये पाणी येतंय.’ दहातल्या आठ वेळा तसंच निघायचं. मेगर लावण्याआधी लाइनवरची सगळी हेडं, म्हणजे छतावरचे डिटेक्टर, उतरवायची असतात, कारण पाचशे व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. पहिल्याच वर्षी मी घाईत अकरा हेडं जाळली. भाऊ काही बोलले नाहीत. लोहार चाळीतून नवी अकरा आणली आणि पैसे स्वतःच्या वाट्यातून वळते केले. ते मला अजून लागतं.

टेस्टिंगला धुराच्या स्प्रेचा डबा परवडायचा नाही. ॲल्युमिनियमच्या पाइपाला प्लास्टिकची बरणी बांधायची, आत चार उदबत्त्या. हेडाखाली धरली की अर्ध्या मिनिटात लाल दिवा. ज्या घरात जायचो तिथे मोगऱ्याचा वास राहायचा. एका आजींनी हात जोडले होते.

आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक नौपाड्यातली एक सातमजली सोसायटी. सेक्रेटरी बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, साडेचार हजार. बाईंची एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक हेडाला नंबर, प्रत्येक भेटीची तारीख, कोणतं वाजलं, किती सेकंदांनी वाजलं. सोळा हेडं होती, लॉबीत, मीटर रूममध्ये आणि लिफ्टच्या खोलीत. मी एकदा घाईत पंधराच तपासून निघालो तर गेटवरून परत बोलावलं. ‘नऊ नंबर राहिला.’ चेक मात्र त्याच दिवशी, पाकिटात स्टेपल करून ठेवलेला.

२००५ ते २०१७ काम चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कायद्याचं तेवढं सांगायला हवं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा, लागू झाला ६ डिसेंबर २००८ पासून. यंत्रणा बसवली की लायसन असलेल्या एजन्सीने फॉर्म ए, म्हणजे बसवल्याचा दाखला, द्यायचा, आणि नंतर दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, की यंत्रणा चालू आणि सुस्थितीत आहे. लायसन महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं. आम्ही ते काढलं तेव्हा भाऊ म्हणाले, ‘आता आपली सही म्हणजे जामीन.’ बऱ्याच जणांनी ते छपाईचं मशीन समजून घेतलं.

२९ डिसेंबर २०१७ला कमला मिलची आग झाली, चौदा माणसं गेली. त्यानंतर जिथे तिथे नोटिसा लागल्या. ज्या सोसायट्या दहा वर्षं आमचा फोन उचलत नव्हत्या त्या रात्री साडेदहाला फोन करू लागल्या.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरचं काम त्यातूनच आलं. बावीस मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. बिल्डरने एनओसीप्रमाणे घरांच्या आतही डिटेक्टर दिले होते, पण बारा वर्षांत कोणी हात लावला नव्हता. कुठे पीओपीवाल्याने हेड छताच्या आत गाडलेलं, कुठे पेंटरने रोलर फिरवलेला. एका घरात हेडाच्या बेसला झुंबर टांगलेलं होतं. सगळ्या लाइनी जिथे येतात त्या खालच्या पॅनेलचा हूटर, म्हणजे भोंगा, वॉचमनने वायर ओढून कायमचा गप्प केला होता. त्याचा दोष नाही. पेस्ट कंट्रोलचा धूर झाला की रात्रभर वाजायचं, आणि शिव्या त्यालाच.

आमचं कोटेशन १४,६०,००० अधिक अठरा टक्के जीएसटी, एकूण १७,२२,८००. घरटी साडेएकोणीस हजारांच्या वर. जीबीत, म्हणजे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, गोंधळ उठला. एक काका उभे राहिले, त्यांची मुलगी ब्रिस्बेनला. ‘तिकडेही कायदा आलाय, २०२२पासून भाड्याच्या घरात आणि २०२७पासून सगळ्याच घरांत प्रत्येक बेडरूमला अलार्म. ती लोकं दुकानातून आणतात आणि लावतात. आपण आठशे रुपयांचे, सेलवर चालणारे का नाही लावायचे?’ टाळ्या पडल्या. मी समजावलं, की काका, तिकडेसुद्धा नुसता लावून चालत नाही, घरातले सगळे एकमेकांना जोडलेले लागतात, एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. आणि ते स्वतंत्र घर. तुमच्या चौदाव्या मजल्यावर बंद फ्लॅटमध्ये सेलवाला वाजला तर ऐकणार कोण? इथे खालच्या पॅनेलवर झोन, म्हणजे त्या भागाचा दिवा, पेटायला हवा, दारावरचा लाल इंडिकेटर पेटायला हवा. टाळ्या नाही पडल्या.

लोकांना वाटतं खर्च डिटेक्टरचा असतो. तीनशे शहाण्णव हेडांचे चार लाखांच्या आसपास झाले. बाकीचे दहा लाख वायरचे, पाइपचे, शिडीचे आणि अठ्ठ्याऐंशी घरांत आत जाण्याचे. हे आत जाणं कोटेशनमध्ये लिहिता येत नाही. एकजण फक्त रविवारी घरी, एकीचं बाळ दुपारी झोपतं, एकांनी दीड लाखाचं फॉल्स सीलिंग केलंय आणि त्याला भोक पाडायचं नाही. किचनमध्ये धुराचं हेड लावायचं नाही, उष्णतेचं लावायचं, नाहीतर रोज फोडणीला अलार्म, हेही अठ्ठ्याऐंशी वेळा सांगायचं. एका झोनवर वीसच्या वर हेड आम्ही टाकत नाही. मजल्याची अठरा बसली, मजला म्हणजे झोन, चोवीस झोनचं पॅनेल. हिशेब इतका सरळ बसला की भाऊ खूश होते.

अटी साध्या होत्या. चाळीस टक्के आगाऊ, चाळीस काम संपल्यावर, वीस फॉर्म ए हातात दिल्यावर. ६,८९,१२० आले. सहा माणसं, पावणेचार महिने. काम संपलं आणि कमिटीची निवडणूक झाली.

आता प्रतिस्पर्ध्याबद्दल. नाव लिहिणार नाही, मुलीने बजावलंय. शेजारच्या टॉवरचं काम त्याने केलं होतं. तेवढेच मजले, तेवढीच घरं, सहा लाख नव्वद हजारांत. नव्या कमिटीने त्याला बोलावून आमचं बिल दाखवलं. तो म्हणाला, ‘दहा लाखाने चढवलंय.’ झालं. आमचे १०,३३,६८० रुपये अडकले. हा आकडा मला झोपेतून उठवून विचारा.

त्यात जीएसटीची गंमत अशी, की बिल केलं म्हणजे कर भरायचा, पैसे येवोत न येवोत. इनपुट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर, वजा जाऊन सव्वा लाख मी खिशातून भरले. केबलवाल्याचे साडेतीन लाख उधार होते. तो रोज सकाळी सव्वानऊला फोन करायचा, एकदाही आवाज न चढवता. चढवला असता तर बरं झालं असतं. सहातली चार माणसं सोडली. व्हॅन विकली. एक लाखाच्या वरचं काम असेल तर बिल टप्प्याटप्प्याने काढा आणि मजल्यागणिक सही घ्या, हा सल्ला कुणी मागितलेला नाही, तरी देतो. आम्ही अठ्ठ्याऐंशी घरांत काम केलं आणि एकाही दारात सही घेतली नव्हती.

भाऊ २०१९च्या दिवाळीनंतर म्हणाले, ‘मी चिपळूणला जातो. माझा वाटा जमेल तेव्हा दे.’ चौसष्ट वर्षांचे होते, गुडघे गेले होते, मला सगळं कळत होतं. तरी मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. मला वाटलं, बुडत्या वेळी उतरले. ते गेल्यावर दुकानात पाहिलं तर मेगर जागेवर होता. खाली चिठ्ठी: ‘हँडलला दोन महिन्यांनी तेल.’

मार्च २०२०ला लॉकडाऊन लागलं. कुणाच्या घरात पाऊल टाकायची सोय नाही आणि आमचा धंदाच मुळात लोकांच्या घरात जाण्याचा. एप्रिलमध्ये नौपाड्याहून बाईंचा फोन. ‘या वर्षीची आणि पुढच्या दोन वर्षांची रक्कम खात्यात टाकली आहे, कमिटीचा ठराव करून. पावती सावकाश द्या.’ बावीस हजार पाचशे रुपये. तोपर्यंत एएमसी साडेसात हजारांवर आली होती, तीही त्यांनीच वाढवून दिलेली. त्या पैशातून दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं गेलं. त्या दोन महिन्यांत शटर माझ्या नावावर राहिलं, एवढंच.

टॉवरचं पुढे असं झालं, की २०२१मध्ये त्यांना शेवटची नोटीस आली. पाणी आणि वीज तोडू, अशी. फॉर्म ए माझ्याकडे, आणि ज्याने ‘चढवलंय’ म्हटलं तो माझ्या कामावर सही करायला तयार नाही. सेक्रेटरी साहेब स्वतः दुकानात आले, बसायला एकच स्टूल होतं. साडेसात लाखांवर तोडगा निघाला. २,८३,६८० मी सोडले असं कागदावर आहे.

२०२२मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याच्या टॉवरमधून बोलावणं आलं. एका घरात देवघरातल्या समईने पडदा पेटला, खोलीभर धूर झाला, शेजाऱ्यांनी विझवला, पण पॅनेल हिरवंगार. ‘जरा बघता का?’ मी मेगर घेऊन गेलो. चौदाव्या मजल्याच्या लॉबीत हेड फिरवून उतरवलं. बेसमध्ये दोन स्क्रू होते आणि वायर नव्हती. पुढचं उतरवलं, तेच. पाचव्याच्या वर सगळं नुसतं छताला चिकटवलेलं. मग पॅनेल उघडलं. लाइन तुटली तर पॅनेलला कळावं म्हणून लाइनच्या शेवटच्या हेडावर रेझिस्टर लावतात. तो शेवटालाच हवा. इथे चोवीसच्या चोवीस रेझिस्टर पॅनेलच्या टर्मिनलवरच पिळून बसवलेले. पॅनेलच्या लेखी सगळ्या लाइनी शाबूत, आणि पाचव्याच्या वर तर लाइनी नव्हत्याच. आणि भिंतीवर फॉर्म बी फ्रेम करून लावलेला, आठही सहामाहींचे, एकाखाली एक.

मेगर काढलाच नाही. लावणार कशाला?

कमिटीला दाखवलं, फोटो दिले, कोटेशन दिलं. आठवड्याने निरोप आला, की तुमचं बजेटमध्ये बसत नाही. काम ज्याने आधी केलं त्यालाच परत दिलं, म्हणे वॉरंटीत करून देतो. तुमच्याकडे फॉर्म बी घेऊन कोणी आलं तर त्याला एवढंच सांगा, शेवटच्या मजल्यावरचं शेवटचं हेड काढून दाखव. पॅनेलवर फॉल्ट आला तर चहा द्या.

भाऊंचा वाटा २०२३मध्ये पुरा केला. चिपळूणला नेऊन दिला. त्यांनी मोजला नाही. विचारलं, ‘तेल घालतोस ना?’

नौपाड्याची बिल्डिंग त्याच वर्षी रिडेव्हलपमेंटला गेली. पाडण्याआधी बाईंनी सोळाही हेडं उतरवून घेतली, वहीतल्या नंबरप्रमाणे खोक्यात लावली आणि बिल्डरच्या माणसाकडून पोचपावती घेतली. त्या आता कोलशेतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, नवा टॉवर, अकरावा मजला. गेल्या जुलैत फोन आला, ‘महिना लागला, तुम्ही आला नाहीत.’ म्हटलं, बाई, ती सोसायटी माझी नाही. ‘मी तुमची आहे ना?’

गेलो. हॉलमधलं हेड वर पाहिलं आणि शिडी मागवली. बसवताना धूळ जाऊ नये म्हणून हेडावर पिवळी प्लास्टिकची टोपी येते. काम संपलं की काढायची असते. ती तशीच होती. बेडरूममध्येही. बिल्डिंगला माणसं राहायला येऊन चार वर्षं झालेली. दोन्ही टोप्या काढल्या, स्प्रे मारला, एकोणीस सेकंदांनी दिवा लागला. बाईंनी नव्या वहीत तारीख घातली, पुढे लिहिलं, ‘टोपी काढली’, आणि विचारलं किती झाले. म्हटलं, टोपीचे काय घ्यायचे? त्यांनी पाकीट पुढे केलं, स्टेपल केलेलं.

उतरताना नोटीस बोर्डावर जानेवारीचा फॉर्म बी दिसला. शिक्का ओळखीचा होता.