गंगावेशीतले आजोबा

"१५ ऑगस्टला झेंडा लावला बघ, पण आमच्यावर राज्य महाराजांचंच हुतं की!"

कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर शेजारी उभे आजोबा. हातात धारोष्ण दुधाचा पेला, मिशीवर फेस तसाच.

खरंच की. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. नऊ महिन्यांच्या आत, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारलं. तिकडं दिल्लीत घटना समिती एकेका कलमावर वाद घालत होती, तेव्हा इकडं नकाशाच जुळायचा होता. शाळेत आम्ही नुसत्या तारखा घोकल्या.

"आमच्या आईला सही येत नव्हती. पण पयल्या निवडणुकीत वडलांच्या आधी जाऊन मत टाकून आली," आजोबा म्हणाले आणि दुसरा पेला मागितला.

तुमच्या घरात पहिलं मत कुणी दिलं होतं?