मिठाला पाणी सुटलं की

मेव्हणा बोटीवर असतो, सुट्टीला आला की काहीतरी आणतोच, यंदा मे महिन्यात दहा सिगार घेऊन आला. मी ओढणार वर्षाला दोन, फार तर तीन. म्हणजे बाकीचे सांभाळायचे, तेही फोंड्यात, जिथे जून लागला की कपाटातल्या बेल्टला आठवड्यात पांढरी बुरशी धरते.

आमच्याकडे साठवण म्हणजे ओल बाहेर ठेवणं. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, आई मिरच्या, सोलं सगळं कडकडीत उन्हात घालते आणि मग डबाबंद. सिगारचं तसं नाही, पार सुकला तर पान तडकतं, धूर घशाला लागतो, ओला राहिला तर धड पेटत नाही आणि वर बुरशी. त्याला डब्यातली हवा 65 ते 70 टक्के दमट लागते, जावयाचे लाड परवडले.

म्हणून चारी बाजूंनी क्लिप लागणारा रबरी रिंगचा डबा घेतला, त्यात 69 टक्क्यांचं बोवेडाचं पाकीट टाकलं (आत मिठाचं पाणी असतं, ओल वाढली की शोषतं, घटली की सोडतं) आणि एक स्वस्तातला हायग्रोमीटर, हवेतली ओल मोजणारा. तर तो दोन दिवसांनी 76 दाखवतोय!

खरं सांगतोय की थापा मारतोय हे बघायची युक्ती सोपी आहे, बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, चार थेंब पाण्याने ओलसर करायचं, मीटरसोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद, आतली हवा 75 वर येऊन थांबते. मी मीठ मागितलं तर आई म्हणाली, "बरणीतलं घे, पाणी कशाला घालतोस, सुटलंय की त्याला." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हवा 75 च्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून विरघळायला लागतं, म्हणजे ओट्यावरची बरणी हाच आमचा जुना हायग्रोमीटर, पण आम्ही आपले त्यात तांदळाचे दाणे टाकून तिलाच गप्प करायचो. (आगरातलं जाडं मीठ त्याहून लवकर पाझरतं, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून टेस्टला पाकिटातलंच घेतलं.)

सकाळी मीटर 82 वर. म्हणजे सात जास्त दाखवतो, डबा बरोब्बर 69!

आता डबा कपाटात तळाला, गारव्याला. मेव्हणा फोनवर विचारतो, ओढलास का, मी म्हणतो उघडला की पावसाळा आत येतो बाबा, गणपतीची चवथ होऊन जाऊंदे. काल आई डब्याच्या क्लिपा बघत होती, म्हणे ह्यात पापड राहतील काय रे.

नाही म्हटलं, मऊ पडतील.