गॉलची कसोटी: थोडी तटावरून, बाकीची स्टँडमधून

श्रीलंकेतल्या गॉलच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडलं की समोर बसस्थानक, पलीकडे क्रिकेटचं मैदान आणि मैदानाच्या डोक्यावर किल्ल्याचा तट. सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. शहर बघायला वेगळा दिवस आणि सामन्याला वेगळा, असा हिशोब इथे मांडावाच लागत नाही. जून २०२५ मधली श्रीलंका-बांगलादेश कसोटी बघायला आम्ही गेलो होतो. क्रिकेटवर जीव असलेल्याने एक तरी कसोटी इथे येऊन बघावी, असं आता मी भेटेल त्याला सांगतो.

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे. विमानतळ शहराच्या उत्तरेला आणि गॉल दक्षिणेला, त्यामुळे उतरल्या उतरल्या पुढे धावू नका. रात्र कोलंबोत काढा आणि सकाळी कोलंबो फोर्ट स्थानकावरून गाडी पकडा. द्रुतगती मार्गाची बस लवकर पोचवते, पण जाताना तरी आगगाडीच घ्या आणि उजव्या हाताची खिडकी धरा. रूळ कितीतरी ठिकाणी पाण्याला लागून जातात. हिक्कडुवाच्या थोडं अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत प्रवाशांनी खच्चून भरलेली गाडी इथेच लाटेत सापडली आणि हजाराहून जास्त माणसं गेली. रस्त्याकडेला स्मारक आहे. वेळ असेल तर परतताना इथे थांबा.

त्याच लाटेने गॉलचं मैदानही उद्ध्वस्त केलं. डिसेंबर २००७ मध्ये इंग्लंडविरुद्ध तिथे पुन्हा कसोटी झाली. श्रीलंकेच्या जयवर्धनेने नाबाद २१३ केल्या आणि इंग्लंडचा पहिला डाव ८१ वर आटोपला. हे ठाऊक असलं की तिथल्या लोकांना हे मैदान इतकं प्यारं का, ते वेगळं विचारावं लागत नाही.

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना तर इथे जागोजाग आठवणी सापडतात. २००८ मध्ये सेहवाग सलामीला येऊन ३२९ पैकी २०१ धावांवर नाबाद राहिला, तो इथेच. २०१० मध्ये मुरलीधरनने प्रग्यान ओझाला बाद करून आठशेवा बळी घेतला, तोही इथेच, कसोटीतल्या आपल्या शेवटच्या चेंडूवर. आणि २०१५ मध्ये आपल्या अजिंक्य रहाणेने एका कसोटीत आठ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून तोवर कोणालाही ते जमलं नव्हतं. तो सामना आपण हरलो, श्रीलंकेच्या फिरकीपटू हेराथने दुसऱ्या डावात सात जणांना गुंडाळलं, पण स्लिपमधल्या रहाणेची जागा मी मैदानावर डोळ्यांनी शोधलीच.

आमच्या कसोटीत श्रीलंकेच्या निसंकाने १८७ काढल्या. बांगलादेशच्या शांतोने दोन्ही डावांत शतकं ठोकली. श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजचा हा शेवटचा कसोटी सामना होता. तो फलंदाजीला निघाला की अख्खं स्टँड उभं राहायचं, आणि प्रेक्षकांत वाजणाऱ्या पापरे बँडचे ट्रम्पेट-ढोल मग थांबता थांबत नसत. पण मला सर्वांत जास्त मजा आली ती थरिंदू रत्नायकेची गोलंदाजी बघताना. हा पदार्पण करणारा फिरकीपटू दोन्ही हातांनी टाकतो. प्रत्यक्ष मैदानात त्याच्यासाठी क्षेत्ररक्षण कसं हलतं, पंच फलंदाजाला हात बदलल्याचं कसं सांगतात, हे सगळं दिसतं. टीव्हीवर यातलं निम्मंही दिसत नाही.

आता बसायचं कुठे? किल्ल्याच्या तटावरून, विशेषतः घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या बुरुजावरून, सामना फुकट दिसतो. चेंडू किती वळतोय ते मात्र तिथून कळत नाही. म्हणून तिकीट काढाच, सकाळची सत्रं छपराखाली बसून बघा आणि चहापानानंतर तटावर या. एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला बंदर, आणि वारा. दुपारी तटावर जाऊ नका, तिथे सावलीचा पत्ता नाही. पोलिसांनी हटकलं तर मुकाट्याने खाली उतरा. भारत किंवा इंग्लंड खेळत असेल तर तिकीट आणि खोली दोन्ही आधी ठरवा.

जूनमध्ये पाऊस येणारच. मैदानावरची माणसं क्षणात आच्छादनं ओढत धावतात आणि पाहता पाहता अख्खं मैदान झाकतात. सर येऊन गेली की पुन्हा ऊन. या मधल्या वेळात किल्ला बघून घ्या. पोर्तुगीजांनी सुरू केलेला हा किल्ला डचांनी वाढवला, १९८८ पासून तो जागतिक वारसा आहे, आणि मुख्य म्हणजे आत माणसं राहतात. सिंधुदुर्गात तटाच्या आत चार घरं बघून जे वाटतं, ते इथे पूर्ण गावभर पसरलंय: शाळा, कोर्ट, मशीद, देऊळ, पोरांचं गल्ली क्रिकेट. डच चर्चची फरशी थडग्यांच्या दगडांची आहे, ती चुकवू नका. दीपगृहाजवळ संध्याकाळी गर्दी होते, सकाळी लवकर जा.

खाडीपलीकडच्या रुमस्सला टेकडीवर रिक्षाने जाऊन या. हनुमान द्रोणागिरी नेत असताना त्याचा तुकडा इथे पडला, असं तिथले लोक मानतात. टेकडीवर जपानी शांतिस्तूप आहे आणि खाली पोहायला शांत किनारा.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा: पोल सांबोळ दिसतो खोबऱ्याच्या चटणीसारखा, पण त्यात बहुधा सुक्या मासळीचा चुरा असतो. विचारून घ्या. भात, परिप्पू म्हणजे मसूर डाळ, फणसाची भाजी आणि शेवटी म्हशीचं दही वर कितुल माडाचा पाक, एवढ्यावर पोट छान भरतं. मासे खाणाऱ्यांनी गाड्यावरचे कोळंबीचे वडे सोडू नयेत.

पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. विहारात खांदे-गुडघे झाकून जा, बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर बघा. आणि परतीचं विमान सामन्याच्या पाचव्या दिवशी संध्याकाळचं घेऊ नका. गॉलच्या खेळपट्टीवर खरा खेळ बरेचदा त्याच दिवशी होतो.