पान एकसष्ट

मे महिन्यात दुपारी दोन ते चार माझ्याकडून कुणी कसल्याही विचारांची अपेक्षा धरू नये. आमरसाचं जेवण अंगावर आलेलं असतं, पंखा पाचवर ठेवला तरी तीच गरम हवा फिरवून फिरवून देत असतो, आणि अशा वेळी हातात हलकं पुस्तक लागतं. वजनाला हलकं आणि बाकीही हलकं. यंदा या वेळात मी साडेतीन प्रेमकथा वाचल्या. अर्धीचं काय झालं ते येईलच ओघात.

पहिली इंग्रजी. नायिका लंडनची नोकरी सोडून समुद्रकाठच्या गावात कुठल्याशा आत्याची बेकरी चालवायला जाते. हल्लीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत नायिकेच्या नावावर कुणी ना कुणी काहीतरी ठेवून मरतंच. बेकरी, पुस्तकांचं दुकान, नाहीतर थेट दीपगृह. आमच्या घराण्यात वारशानं आजवर दोनच गोष्टी खाली आल्या, तांब्याचा बंब आणि मधुमेह. त्यातला बंब मोठ्या काकांनी ठेवून घेतला. तर ही बाई पहाटे चारला उठून पाव भाजते आणि संध्याकाळी सातला एका दाढीवाल्या, तुसड्या, होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाशी कड्यावर उभी राहून भांडते. पहाटे चारला उठलेली बाई संध्याकाळी सातला भांडत नसते, खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली असते. पण दालचिनीच्या बनांचं वर्णन दीड पान आहे आणि ते मी दोनदा वाचलं. मग खारी आणायला उठले. बेकरी चारला उघडणार होती.

दुसरी मराठी, अगदी ताजी, आणि आपल्या पुण्यातली. इथे मात्र माझं बिनसलं. नायिका हिंजवडीच्या ऑफिसातून सहाला निघते आणि सव्वासहाला कोरेगाव पार्कातल्या कॅफेत पोचते. सव्वासहाला ती वाकडच्या पुलापर्यंतही पोचलेली नसते! पुढे तर कहर आहे. नायक तिला बाइकवर मागे बसवून गुडलक चौकातून सरळ वैशालीपर्यंत नेतो, वारा तिच्या केसांत वगैरे. फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे, आणि तोही वैशालीकडून गुडलककडे. वारा कसला, समोरून अख्खी पीएमटी अंगावर आली असती, आणि चौकातल्या मामांनी आधी लायसन्स मागितलं असतं. रीतसर जंगली महाराज रस्त्यानं वळसा घालून नेलं असतं तर तेवढ्यात तिचा होकारही झाला असता. मला पहिल्या नजरेतलं प्रेम चालतं. दुसऱ्या नजरेत स्मृती गेलेली चालते, जुळी बहीण चालते, श्रीमंत माणसानं गरीब असल्याचं नाटक केलेलंही चालतं. पण वनवे तोडलेला चालत नाही. नवऱ्याचं म्हणणं, मी कादंबरी वाचत नाही, तपासते. म्हणू दे.

तिसरी मोबाइलवर वाचली. तिच्यात एक कुत्रा होता.

चौथी मात्र रद्दीतून आली. आमच्याकडे कोपऱ्यावर एक रद्दीवाला आहे, तो जुनी पुस्तकं किलोवर देतो. कुठलीतरी बंद पडलेली लायब्ररी त्यानं उचलली होती आणि दुकानापुढे गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते. मी एक ओढून काढलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव-गाव काही नाही. पाठीला काळं रेक्झिन आणि उघडायला गेलं की मिटायलाच बघणारं. हात लावल्याबरोबर ओळखलं, लायब्ररीची बांधणी!

ती बांधणी ज्यांनी हाताळली आहे त्यांना सांगायला नको. नवं पुस्तक आलं की लायब्ररीवाले काका ते आधी बाइंडरकडे पाठवायचे, आणि बाइंडर दाभण घेऊन त्याच्यावर सूड उगवायचा. इतकी आत शिलाई घालायचा की प्रत्येक ओळीचं एक टोक त्या खाचेत गडप. डाव्या पानावर ओळीचा शेवट नाही, उजव्या पानावर सुरुवात नाही. ‘तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो म्हणाला, माझं तुझ्यावर’ आणि पुढे शिवण. आमच्या पिढीनं प्रेम हा शब्द कितीतरी वेळा अंदाजानंच वाचलेला आहे.

आमची लायब्ररी सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या दर्शनी खोलीत. गंभीर वाचणारे लोक पुणे नगर वाचन मंदिरात जात, ते १८४८चं, नाहीतर पुणे मराठी ग्रंथालयात, तेही १९११चं. आमच्या लायब्ररीला असा काही इतिहास नव्हता. तिचा इतिहास म्हणजे पानशेतचा पूर. कुठल्याही पुस्तकावर डाग दिसला की काका म्हणायचे, “पानशेतचं पाणी लागलंय.” पूर १९६१चा. एकदा आईनं १९७४ साली छापलेलं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि डागावर बोट ठेवलं. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “ओल राहते हो.”

एक ते चार लायब्ररी बंद. चारला फळी निघायची आणि पायरीवर बायका उभ्याच असायच्या, पिशवीत पुस्तक आणि वर भाजी. पुस्तक निवडायला कुणी मुखपृष्ठ बघत नसे, कारण सगळ्यांनाच खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. पहिलं पान वाचूनही उपयोग नसायचा, कारण सगळ्यांची पहिली पानं साधारण सारखीच. पाऊस, स्टेशन, हातातून निसटलेली पुस्तकं. मग हे आपण वाचलंय की नाही ते कळायचं कसं? त्यासाठी खुणा होत्या. प्रत्येकीचं एक पान ठरलेलं आणि एक खूण ठरलेली. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा त्रिकोण पान अकरावर. कुणाची फुली, कुणाचं नुसतं नख ओढलेलं. एक बाई कोण होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्या बारीक पेन्सिलीनं अभिप्राय लिहायच्या. ‘बरी.’ ‘सासू छान.’ ‘पान १४०पासून पकड घेते.’ त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘नाही घेत.’

आईची खूण म्हणजे पान एकसष्ट, आकड्याच्या खाली एक ठिपका. तिचं लग्न एकसष्टचं. लग्न मेमध्ये आणि पूर जुलैत, त्यामुळे आमच्याकडे दोन्ही आठवणी एकाच दमात निघतात.

खाकी कव्हर हे काही आमच्याच लायब्ररीचं नव्हे म्हणा. जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी १९०८ साली लंडनमध्ये प्रकाशन काढलं, तेव्हा ते सगळंच छापत होते. पुढे तिसाच्या दशकात लक्षात आलं की विकल्या जातात त्या प्रेमकथा. मग त्यांनी तोच धंदा धरला आणि पुस्तकं तपकिरी बांधणीत काढायला लागले. घ्यायच्या त्या दोन-दोन पेनीत पुस्तक वाचायला देणाऱ्या लायब्रऱ्या. म्हणजे तिकडेही पायरीवर बायका, तिकडेही पुस्तकं तपकिरी. आम्ही कॉलेजात मिल्स अँड बूनला वरून आणखी एक खाकी कव्हर घालायचो आणि त्यावर ‘अर्थशास्त्र’ अशी चिठ्ठी लावायचो. माझ्या मैत्रिणीनं घाईत तीन पुस्तकांवर तेच लिहिलं. तिच्या वडिलांना वाटलं, पोरगी फारच मनावर घेतेय.

चोरून वाचण्याचा मराठीलाही चांगला सराव होता. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणायचे आणि वि. स. खांडेकर जीवनासाठी कला. आमच्या घरी जीवनासाठी कला काचेच्या कपाटात असायची आणि कलेसाठी कला आजीच्या उशीखाली. मला गंमत वाटते ती अशी की फडके कॉलेजात शिकवायचे तर्कशास्त्र. दिवसा तर्क शिकवून मग ज्या नायकाला पोटापाण्याची काळजी नाही अशा नायकाला प्रेमात पाडायचं, हे एका माणसाला जमतं म्हणजे कमालच. चंद्रकांत काकोडकरांवर तर १९६२च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला. तो पार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, आमच्या आजोबांनी नाही सोडलं. काकोडकरांचं पुस्तक घरात दिसलं की ते चिमट्यात धरून बंबाकडे निघायचे. तोच तो बंब.

तर ती चौथी. नायक परदेशातून आलेला इंजिनिअर, पाइप ओढणारा. लोणावळ्याला बंगला. नायिका सतार शिकते आणि रागावली की तार तुटते. एकूण तीन तारा तुटतात, कुणी सतार दुरुस्तीला देत नाही. मी पडल्या पडल्या मजेत वाचत होते. नायकाची विधवा वहिनी खलनायिका निघणार असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर ठरत चालल्यामुळे मी स्वतःवर खूश होते. अशी पुस्तकं सोळा सोळा पानांच्या बारा फॉर्म्यांत, म्हणजे एकशे ब्याण्णव पानांत बसवलेली असतात, तेव्हा भांडण कधी आणि पाऊस कधी हे अंगठ्यानंच कळतं. पान उलटलं तर एकसष्ट.

आकड्याखाली ठिपका.

निळ्या शाईचा, थोडा पसरलेला. असले ठिपके कागदाला कितीही असतात, माशीसुद्धा करते, असं मी स्वतःला सांगितलंही. पण ठिपक्याच्या शेजारी नखाएवढी, पेन्सिलीची, एक चंद्रकोर होती. आणि चंद्रकोर माझी.

नववीत असताना मी आईची पुस्तकं दुपारी ती झोपली की वाचायचे आणि चारच्या आत जागेवर ठेवायचे. तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी आलं तर वेळ फुकट जाऊ नये म्हणून मीही खूण ठेवली होती. आईला कळू नये म्हणून अगदी लहान, अगदी फिकी. आणि ठेवली कुठे, तर पान एकसष्टवर, तिच्या ठिपक्याच्या कुशीत. साऱ्या पुस्तकात आई दुकानात उभी राहून ज्या एका पानाकडे बघणार हे ठरलेलं, नेमक्या त्याच पानावर! एवढी हुशारी मी पुढे आयुष्यात अनेकदा दाखवलेली आहे, पण तिचा उगम इतका जुना असेल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक. साठ पानं मी हे पुस्तक कोरं समजून वाचत होते. त्यातलं एक वाक्य, एक तुटलेली तार मला आठवली नव्हती. वहिनी खलनायिका निघणार हा माझा अंदाज नव्हताच बहुधा.

आईला फोन लावला. ती हल्ली कोथरूडला भावाकडे असते. काचबिंदूनं एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं माणसं दिसतात, अक्षर लागत नाही.

“आई, तुला माझी चंद्रकोर माहीत होती?”

“कपाळावरची?”

“नाही गं. लायब्ररीच्या पुस्तकातली. एकसष्ट पानावर.”

“हां, ती. दिसायची की.”

“मग बोलली कशी नाहीस कधी?”

“काय बोलायचं त्यात? तुझी कोर असली की कळायचं, पोरीनं वाचलंय. फार वाईट असेल तर आणायचीच नाही मी ते पुन्हा.” थोडं थांबून म्हणाली, “कुठलं गं पुस्तक?”

मी पाइप, लोणावळा, सतार सगळं सांगितलं. तिला काही म्हणजे काही आठवेना. “वाच की मग,” म्हणाली. “पहिल्यापासून वाच.”

तेव्हापासून रोज तीनला फोन. म्हणून माझी चौथी अर्ध्यावर आहे, कारण मला मागे जाऊन पाचव्या पानापासून सुरुवात करावी लागली. ऐकताना आईच्या अटी आहेत. निसर्ग नको. “डोंगर सोड, पुढे चल.” नायकाचे स्वगत विचार नकोत. जेवणाचं वर्णन असेल तर सावकाश. बांधणीत गेलेले शब्द मी अंदाजानं भरते आणि ते तिला बरोबर कळतात. “हे तुझं,” म्हणते, “लेखिका असं नाही लिहायची.” खाचेत बोट घालून बघितलं तर खरंच दुसरा शब्द असतो.

काल लोणावळ्याला पाऊस सुरू झाला. बंगल्यावर दोघंच, वीज गेलेली, नायिकेची साडी भिजलेली. तिकडे फोन स्पीकरवर होता. मागे वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मी घसा खाकरला, एक घोट पाणी प्यायले आणि म्हटलं, “दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं.”

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग आई म्हणाली, “नववीत असताना गाळत नव्हतीस वाटतं काही.”